बप्पा गाडी काढतात

बीड जिल्ह्यात 'बप्पा' ही पदवी गल्ली देते, आणि एकदा दिली की ती परत घ्यायची सोय नाही. वय साठीच्या पुढं, कपडे पांढरे, आवाज वरचा, आणि आसपासच्या बहुतेक गावांत न सांगता जेवायला बसता येईल असं एक तरी घर, एवढ्या अटी पुऱ्या झाल्या की माणूस आपोआप बप्पा होतो. त्याचं खरं नाव मग मतदारयादीत आणि पेन्शनच्या पासबुकात तेवढं उरतं. बप्पांचे प्रकारही बरेच. सोयरीक जुळवणारे बप्पा, भांडण मिटवणारे बप्पा, मिटलेलं भांडण पुन्हा आठवून देणारे बप्पा. मला सांगायचंय ते गाडी काढणाऱ्या बप्पांबद्दल.

गाडी काढणारे बप्पा गाडीचे मालक नसतात, हे आधीच सांगितलेलं बरं. गाडी पुतण्याची असते, भाच्याची असते, अडीनडीला समोरच्या मेडिकलवाल्याची असते. डिझेल कोण टाकणार हा विषय पंपावर पोचेपर्यंत निघत नाही आणि पंप आला की बप्पांना नेमका कुणाचा तरी फोन येतो. तरी सहलीनंतर गल्लीत बोललं जातं ते "बप्पांनी गाडी काढली होती" असंच. यात काही अन्याय झाला असं पुतण्यालाही वाटत नाही. गाडी चालवायला लायसन्स पुरतं. काढायला अंगात वेगळाच जोर लागतो.

आमच्या गल्लीतले बप्पा महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी जिल्ह्यातच. सातबारा, फेरफार, पंचनामा आणि आणेवारी याच्या बाहेर जगात फारसं काही आहे, यावर त्यांचा विश्वास नाही. सातबारा संगणकावर गेला तेव्हा त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. तो आधीपासून त्यांच्या डोक्यात होता, आणि तिथलं सर्व्हर कधी बंद पडत नसे.

गाडी निघायला निमित्त लागतं ते बाहेरच्या माणसाचं. दसरा झालेला, ऊन थोडं उतरलेलं, आणि पुण्यात नोकरी करणारे धाकटे जावई दोन दिवस सासरी आलेले. त्यांना दोन दिवस झोपायचं असतं. संध्याकाळी चहा घेता घेता बप्पा सहज विचारतात, "आपलं अंबाजोगाई पाह्यलं का, जावईबापू?"

जावईबापू नाही म्हणतात. हीच चूक.

"पाह्यलं न्हाई? मराठीचा आद्यकवी तिथं झोपलाय आन् तुम्ही पाह्यलं न्हाई?"

आता जावयांना यायचं आहे की नाही, हा मुद्दा उरत नाही. बप्पा तिथूनच पुतण्याला हाक मारतात. सकाळी सहाला निघायचं ठरतं. "दीड तासाचा तर रस्ता हाय," बप्पा सांगतात. बीडहून अंबाजोगाई नव्वद किलोमीटरच्या आसपास. रस्ता आता चांगला झालाय, त्यामुळं हिशेबात खोट काढता येत नाही. पण किलोमीटर हे अनोळखी मुलखातून जाणाऱ्या माणसाचं माप आहे. बप्पांच्या रस्त्याची लांबी वाटेतल्या ओळखींवर ठरते, आणि त्या हिशेबानं अंबाजोगाई मुंबईपेक्षा लांब पडतं.

सहाला बप्पा एकटेच तयार असतात. दाराशी खुर्ची टाकून, गळ्यात टॉवेल, हातात मोबाईल. साडेसहाला पुतण्या उठतो. सातला लक्षात येतं की काकूंची धपाटी अजून तव्यावर आहेत. "अंबाजोगाईत हॉटेलं असतील ना?" असं जावई एकदा हळूच म्हणतात. काकू मान वर करून त्यांच्याकडे पाहतात, आणि तो विषय त्या घरात पुन्हा कधी निघत नाही. धपाटी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा, पाण्याचा कॅन. मग शेजारचा म्हणून मला घेतात, कारण मागच्या सीटवर डबे सांभाळायला हाताशी माणूस हवा. बोलेरो हलते तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात, आणि बप्पा मागं वळून म्हणतात, "लवकर निघालं की बरं असतं."

जावयांनी रेल्वेचा विषय काढला. बीडला आता रेल्वे आलीय म्हणतात? आली. 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, बीड ते अहिल्यानगर गाडी सुटली. अहिल्यानगर-बीड-परळी ही 261 किलोमीटरची लाइन मंजूर झाली होती 1995 साली. मधल्या काळात भूसंपादनाच्या मोजण्या, हरकती, मोबदले आणि वाढीव मोबदले यांत बप्पांची अर्धी नोकरी गेली. पहिली गाडी सुटली तेव्हा स्टेशनात लोक नाचत होते आणि बप्पा रुळांकडे बोट दाखवून शेजारच्याला गट नंबर सांगत होते. पण त्या गाडीत ते अजून बसलेले नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "रेल्वे वळखीच्या माणसासाठी थांबत न्हाई."

बोलेरो थांबते. शहर मागं पडून सोलापूर रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर होतात न होतात तोच पहिल्यांदा थांबते, खजाना विहिरीपाशी. अंबाजोगाईचा आणि हिचा काही संबंध नाही, पण पाहुणा गाडीत असताना हिला टाळून पुढं जाणं म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला न भेटता अंगणातून परत फिरणं. 1582 मध्ये निजामशाहीतल्या सलाबतखानानं ही बांधवली, राजा भास्कर नावाच्या जाणकाराच्या हातून. जमिनीखालून पाणी आणणारे आणि शेतीकडे नेणारे भुयारी कालवे तिला आहेत, आणि दुष्काळातही तिचं पाणी खाली जात नाही असं बीडचा प्रत्येक माणूस शपथेवर सांगतो. "सलाबतखान म्हणजे त्या येळचा आपला पालकमंत्री," बप्पा जावयांना समजावतात, "फक्त त्यानं काम पूर्ण केलं." विहिरीवर एक माणूस मोटार दुरुस्त करत असतो. बप्पा त्याला विचारतात, "पाहुणे कुठले?"

हा प्रश्न बप्पांचं खरं वाहन आहे. बोलेरो त्याच्या मागून येते. माणूस पालीचा निघतो, त्याची मावशी नेकनूरला दिलेली निघते, मावशीच्या दिराची जमीन बप्पांनी मोजलेली निघते. खजाना विहिरीच्या कठड्यावर ती जमीन पुन्हा एकदा मोजली जाते. जावई विहिरीचा फोटो काढतात. त्यात विहीर नीट येत नाही, दोन माणसं येतात.

घाट चढून मांजरसुंब्याला चहा. चौकात उसाच्या टोळ्यांचे ट्रक लागलेले. दसरा-दिवाळीच्या सुमाराला हा जिल्हा असा ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पश्चिमेकडे निघतो. भांडी, पत्रे, शेळ्या, कोंबड्या, वर बसलेली पोरं. नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि उचल कोयत्यावर मिळते. बप्पा कपातला चहा बशीत ओततात आणि सहज बोलून जातात, "आपल्याकडं माणूस बाहेर पडतो ते एक तर उसाला, न्हाई तर दवाखान्याला." मग ट्रकवरच्या एका म्हाताऱ्याला हाक मारतात. म्हातारा ओळखतो. बप्पा त्याला जनावरांचं विचारतात, नातीच्या शाळेचं विचारतात, कारखाना कुठला ते विचारतात. म्हातारा उत्तरं देतो आणि शेवटी एकच उलटा प्रश्न करतो.

"कुठं चाललाव, बप्पा?"

"अंबाजोगाईला."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरतो. "कोण ॲडमिट हाय?"

इथून पुढं रस्ताभर हाच प्रश्न. अंबाजोगाईला मुकुंदराज आहेत, दासोपंत आहेत, योगेश्वरी आहे; पण जिल्ह्याला अंबाजोगाई रोज लागते ती स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यामुळं. 1974 साली ते सुरू झालं. आशिया खंडातलं असं पहिलंच, हे अंबाजोगाईकर रिक्षावालाही सांगतो. सर्पदंश, बाळंतपण, मोटारसायकलवरून पडलेला, विहिरीत पाय घसरलेला, सगळे रस्ते तिकडंच जातात. तेव्हा बायको, जावई, पुतण्या आणि डब्यांसकट बोलेरो त्या दिशेला निघाली असेल तर त्याचा अर्थ एकच होतो. नेकनूरला बप्पांनी गाडीतूनच हात हलवला तर दुकानातला माणूस पळत आला. "बप्पा, कोण ॲडमिट?"

"कुणी न्हाई रे. मंदिरं बघायला चाललाव."

त्या माणसानं बप्पांकडं पाहिलं, काकूंकडं पाहिलं, मागच्या डब्यांकडं पाहिलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "सांगण्यासारखं नसंल तर राहू द्या." आणि खिशातून दोनशे रुपये काढून बप्पांच्या मुठीत कोंबले. "खर्चाला असू द्या." बप्पांनी नको म्हणायचा प्रयत्न केला. मराठवाड्यात दवाखान्यासाठी दिलेले पैसे परत करता येत नाहीत. देणाऱ्याला वाटतं, पेशंट गेला.

केजला तर कमाल झाली. तिथं बप्पांच्या ओळखीचा एक हॉटेलवाला आहे. तो चुरमुऱ्यांचा सुशीला चांगला करतो आणि उधारी विसरत नाही. त्यानं कोण ॲडमिट असं विचारलंच नाही. गाडी अंबाजोगाईला जातीय एवढं कळल्यावर आत गेला आणि एक मोठा डबा घेऊन आला. त्याचा मेहुणा पाय मोडून पडला होता, तीन दिवसांपासून दवाखान्याचं जेवत होता. "एवढा डबा द्या, बप्पा, तुम्ही चाललावच हाव तर." त्याचं ऐकून शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, आमच्या आत्याच्या सुनेचंही तिथंच हाय, बाळंतीण हाय, एवढी डिंकाच्या लाडवाची पिशवी. जावयांनी आवंढा गिळला. पुतण्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी सरकून डब्यांना जागा केली.

वाटेत एका टोपलीवाल्या बाईकडून सीताफळं घेतली. बालाघाटातलं बीडचं सीताफळ, 2016 पासून भौगोलिक मानांकनाचं, हे बप्पांनी टोपलीपाशी उभं राहून जावयांना सांगितलं आणि भाव आपणच वाढवून ठेवला. मग भाव पाडायच्या आधी सवयीनं "माहेर कुठलं, बाई?" विचारून बसले. माहेर काकूंच्या गावचं निघालं. नातं निघाल्यावर घासाघीस करता येत नाही. पूर्ण पैसे द्यावे लागले, आणि वर काकूंनी दोन धपाटी त्या बाईला काढून दिली. होळ मागं पडलं, लोखंडी सावरगाव मागं पडलं, अंबाजोगाई आली तेव्हा सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या.

गावात शिरताना बप्पांची नजर नंबरप्लेटवर असते. बीडच्या गाड्यांना एमएच 23, अंबाजोगाईच्या वेगळ्या, एमएच 44. अंबाजोगाई जिल्हा करा ही मागणी जुनी आहे, आणि बप्पांच्या मते आरटीओचा नंबर वेगळा दिला तिथंच फेरफार ओढला गेला, आता फक्त नोंद मंजूर व्हायची राहिली. निजामाच्या काळात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं, इथं घोडदळाची छावणी होती, आणि रामानंद तीर्थ हैदराबादच्या लढ्यात पडायच्या आधी इथल्याच योगेश्वरी शाळेत शिकवत होते. हे सगळं बप्पांना ठाऊक आहे, पण ते वेगानं सांगून टाकतात. त्यात जमिनीचा प्रश्न नाही.

योगेश्वरीच्या देवळासमोर पुणे-मुंबईच्या गाड्या लागलेल्या असतात. कोकणस्थांची ही कुलदेवता, वर्षातून एकदा तरी यावं लागतं. एक चष्मेवाले सद्गृहस्थ सहकुटुंब ओटीचं ताट घेऊन रांगेत उभे होते. बप्पा त्यांच्या मागं उभे राहिले आणि पाच मिनिटं गप्प बसले. एवढंच त्यांच्याच्यानं झालं.

"पाहुणे कुठले?"

"पुणे."

"पुणं झालं. मूळ?"

"मूळ गुहागरकडचे."

बप्पांचा चेहरा उजळला. कोकणात परशुरामानं वसवलेल्या लोकांना लग्नासाठी मुली अंबाजोगाईहून मिळाल्या, आणि त्या बदल्यात योगेश्वरीला कुलदेवता मानायची अट पडली, अशी कथा आहे. चित्पावनांकडं ती श्रद्धेनं सांगतात. बप्पांनी तिच्यातलं जे महत्त्वाचं ते उचललं. "म्हणजे तुम्ही आमच्या जिल्ह्याचे जावई!" ते म्हणाले आणि त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्ये बी जावईच," असं म्हणून आपल्या जावयांनाही पुढं ओढलं. दोन्ही जावयांनी एकमेकांकडं पाहून न बोलता सहानुभूती दाखवली. दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि गुहागरकरांना धपाटी खावी लागली.

दासोपंतांपाशी मात्र बप्पा खरे रमले. सोळाव्या शतकातला हा कवी. गीतार्णव नावाचा सव्वा लाख ओव्यांचा ग्रंथ त्यांच्या नावावर सांगतात. कागद कमी पडला की काय, म्हणून पासोडीवरही लिहिलं. चाळीसेक फूट लांब, चारेक फूट रुंद असं खादीचं कापड, आणि त्यावर पंचीकरण. अंबाजोगाईत ती पासोडी जपलेली आहे. आमच्या साहित्यिक मंडळींना तिच्यातला वेदान्त दिसतो, चित्रकारांना आकृत्या दिसतात. बप्पांना टिकाऊपणा दिसला. "कापडावर लिव्हलं म्हणून राह्यलं. ही अक्कल आमच्या रेकॉर्ड रूमला आली असती तर निम्म्या गावांचं रेकॉर्ड वाळवीनं खाल्लं नसतं."

पण त्यांचा जीव अडकतो तो दासोपंतांच्या लहानपणीच्या कथेत. वडील नारायणपेठचे, वसुलीचं काम त्यांच्याकडं. सारा थकला. बेदरच्या बादशहानं पोराला ओलीस ठेवलं: महिन्याभरात भरणा करा, नाही तर पोराचा धर्म बदलू. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार नावाचा एक माणूस आला, थकबाकीची रक्कम भरून पोराला सोडवून गेला, आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. तो दत्तात्रेय होता, असं कथा सांगते.

बप्पा ही कथा सांगताना उभे राहतात. "देवानं रूप कुणाचं घेतलं बघा! तहसीलदाराचं न्हाई घेतलं, कलेक्टरचं न्हाई घेतलं. पाडेवार म्हणजे गावकामगार. वसुली खालच्या माणसाबिगर होत न्हाई, हे देवाला माहीत होतं." मग आवाज बारीक करून जावयांच्या कानाशी एक खात्यातली शंका बोलतात: "फक्त पावती कुणाच्या नावानं फाटली, ते कळत न्हाई."

मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीच्या अंगाला. त्यांचा विवेकसिंधू हा ग्रंथ शके 1110 चा, म्हणजे 1188 सालचा मानतात, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. यावर वाद आहेत. काळावर आहेत, आणि गावावर तर फारच आहेत. ग्रंथातली अंबानगरी म्हणजे वैनगंगेकाठचं आंभोरं, असं विदर्भातले अभ्यासक म्हणतात आणि त्यांच्याकडंही मुकुंदराजांचं ठिकाण दाखवतात. मला स्वतःला या वादात दोन्हीकडचे पुरावे वाचून झोप लागलेली आहे. बप्पांनी तो अर्ध्या मिनिटात निकाली काढला. "हद्दीचा वाद हाय. कागद दोघांकडं असतील. कब्जा-वहिवाट कुणाची? समाधी कुठं हाय? दिवाबत्ती कोण करतं? झालं तर मग." उतार उतरून समाधीपर्यंत मात्र ते आले नाहीत. वरूनच हात जोडले. गुडघ्याचं कारण सांगितलं नाही. "वळखीचे हायेत," म्हणाले.

तिथून गावात परतताना खोलेश्वराचं देऊळ. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती, अंबाजोगाईचा कर्ता माणूस. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला, आणि त्याच्या आठवणीसाठी बहीण लक्ष्मी हिनं 1240 मध्ये देऊळ बांधवलं, असं इथला शिलालेख सांगतो. जुने शिलालेख म्हणजे बहुतेक जमीन कुणी कुणाला दिली याच्याच नोंदी असतात, त्यामुळं बप्पा त्यांना दगडी सातबारा म्हणतात आणि मान देतात. इथं ते जरा थांबले. "नोकरीभर मी बहिणींच्या सह्या घेतल्या हक्कसोडीवर," ते म्हणाले. "भावाच्या नावानं जमीन सोडायच्या. रडत यायच्या, अंगठा द्यायच्या, साडी घेऊन जायच्या. आन् ह्या बाईनं भावासाठी देऊळ बांधलं. म्हंजे तिच्या हातात काहीतरी हुतं."

"माझी सही बी तुम्हीच घेतली हुती," काकू म्हणाल्या. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं मोठं वाक्य. "माझ्या भावाच्या नावानं. साडी बी न्हवती."

बप्पांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि पुतण्याला म्हणाले, गाडी काढ, हत्तीखाना बंद व्हईल. हत्तीखाना म्हणजे डोंगरात कोरलेली लेणी. तिला बंद व्हायला दार लागतं. पण त्या क्षणी कुणी तसं बोललं नाही.

हत्तीखाना, शिवलेणी, जोगाईचा मांडव, तीन नावं एकाच जागेची. खडकात कोरलेला खांबांचा मंडप आणि समोर अंगणात दगडी हत्ती. तोंडाशी फलक असतो, आणि त्यावर इतिहासापेक्षा शिक्षेची कलमं जास्त असतात. मग इतिहास सांगायला बप्पाच लागतात. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त गाठता आला नाही. कोंबडा आरवला, वऱ्हाडाचं जागच्या जागी पाषाण झालं, आणि देवी कुमारिकाच राहिली. हे हत्ती त्या वऱ्हाडातले.

जावई हत्तीच्या सोंडेशी उभे होते. त्यांनी विचारलं, "परळी इथून किती?"

"पंचवीस किलोमीटर."

"फक्त?"

बप्पांच्या अंगात एकदम जुना मंडळ अधिकारी संचारला. त्यांनी हत्तींभोवती एक फेरी मारली, हत्तींची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते पाहिलं आणि पंचनामा सुरू केला. वऱ्हाड निघालं कव्हा? रात्रीच निघालं असणार. वाटेत घाट. घाटात किती वेळ? बरं, हत्ती सोबत. हत्तीला पाणी लागतं, म्हणजे थांबले असणार. पण थांबले ते किती ठिकाणी? आणि मुहूर्त माहीत असताना थांबायचं कारण काय? पंचवीस किलोमीटरला इतका उशीर होतोच कसा, हा साधा प्रश्न आजवर कुणी विचारला कसा नाही, याचं त्यांना भारी आश्चर्य वाटत होतं.

काकू मंडपाच्या पायरीवर बसून सीताफळ फोडत होत्या. त्यांनी बिया तोंडातून हातावर घेतल्या आणि म्हणाल्या, "त्या वऱ्हाडात बी कुणीतरी बप्पा असंल."

पुतण्या हत्तीच्या मागं जाऊन हसून आला. जावई पहिल्यांदाच मोकळे दिसले. बप्पांनी हे म्हणणं पंचनाम्यात घेतलं नाही. पण गाडीत बसताना घड्याळ पाहिलं, आणि दिवस मावळून गेलाय हे बघून त्यांना केजचा डबा आठवला.

दवाखान्यात भेटायची वेळ संपलेली होती. बप्पांनी गेटवरच्या माणसाला विचारलं, "पाहुणे कुठले?" तो धारूरचा निघाला. पुढचं सांगायला नको. पुतण्याला गाडी चालूच ठेवायला सांगून, "दोन मिनिटांत आलो" म्हणत बप्पा डबे घेऊन आत शिरले; डबे त्यांच्याकडं म्हणजे माझ्याकडं. बाळंतिणीकडं काकू गेल्या. आम्ही हाडांच्या वॉर्डात केजवाल्याच्या मेहुण्याची खाट शोधली. पंचविशीचा पोरगा, पाय प्लॅस्टरमध्ये, शेजारी म्हातारी आई. त्यानं बप्पांना आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. डबा पाहून त्याचे डोळे चमकले. पांढरे कपडे आणि टॉवेल पाहून तो उठून बसायला लागला.

"पडून ऱ्हा, पडून ऱ्हा," बप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "कसं वाटतंय आता?"

"बरं हाय. तुम्ही कुठून आलाव, बप्पा?"

"बीडहून."

"एवढ्या लांबून? कशाला आलाव?"

सकाळी नऊपासून मांजरसुंब्याला, नेकनूरला हा माणूस छातीवर हात ठेवून सांगत आला होता की कुणी ॲडमिट नाही, आम्ही मंदिरं बघायला चाललोय. जावई आणि मी श्वास रोखून उभे.

"कशाला म्हंजे?" बप्पा म्हणाले. "तू पडलास असं कळलं. राहवलं न्हाई. खास तुझ्यासाठी गाडी काढली."

पोराच्या आईनं डोळ्याला पदर लावला. बप्पांनी सदऱ्याच्या खिशातून नेकनूरचे दोनशे रुपये काढून उशीखाली सारले, स्वतःचे शंभर त्यात घातले, आणि निघायला म्हणून वळले. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कोपरावर उठला आणि त्यानं विचारलं, "बप्पा, बीडला तुम्ही कोणत्या गल्लीत? माझी धाकटी लेक तिकडंच दिलीय."

बप्पांनी स्टूल ओढलं. थोड्या वेळानं जावई खाली गेले आणि पुतण्याला गाडी बंद करायला सांगून आले.